क्रीडापटूंची चित्रकार्डे

क्रीडापटूंची चित्रकार्डे : एका बाजूस खेळाडूचे चित्र वा छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूस त्याच्याविषयीची त्रोटक माहिती किंवा उत्पादकाची जाहिरात छापलेले जाड कागदाचे लहान तुकडे. सिगारेट, मिठाई, च्युइंग गम यांसारख्या मालाबरोबर ती ग्राहकास विनामूल्य मिळत. बेसबॉल या अमेरिकन खेळाची कार्डे सर्वांत प्रसिद्ध असली, तरी क्रिकेट, मुष्टियुद्ध, फुटबॉल, कुस्ती इ. खेळांतील खेळाडूंचीही कार्डे निघाली आहेत. कार्डाचा जन्म जाहिरातीसाठी झाला. खेळाचा इतिहास नोंदविणे हा त्याचा हेतू नव्हता. त्यामुळे कोणाचे चित्र छापले गेले यावरून कोण श्रेष्ठ होता हे ठरत नाही. बाजारपेठ, वर्णभेद, जातिभेद व सामाजिक प्रतिष्ठा यांचा खेळाडूंच्या निवडीवर परिणाम झालेला दिसतो. कार्डावरील खेळाडूची खरी कहाणी जाणण्यासाठी गुणफलक, वृत्तपत्रे, आठवणी व चरित्रे यांचा आधार घ्यावा लागतो.

उगम व प्रसार : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटी कागदी पाकिटांतून विकल्या जात. त्या दबू नयेत म्हणून पाकिटात पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापल्यास ग्राहक तोच माल पुन्हा घेतो, हे उत्पादकांच्या ध्यानात आले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या रिचमंड शहरातील ॲलन अँड गिंटर या कंपनीने १८८७ मध्ये जगज्जेत्या खेळाडूंचा ५० कार्डांचा संच काढला. त्यात बेसबॉलचे दहा खेळाडू असून बाकीचे मुष्टियोद्धे, मल्ल, नौकापटू, नेमबाज व बिल्यर्डपटू होते. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने याच सुमारास ‘ओल्ड जज’ सिगारेटींबरोबर बेसबॉलपटूंची छायाचित्रे दिली. त्या काळच्या कॅमेऱ्यांना वेगवान हालचाल टिपणे अवघड होते. म्हणून चेंडू दोऱ्याने टांगून, खेळाडूस छायाचित्रकाराच्या दालनात उभे करून झेल घेतल्याचा आव आणवीत. काही कार्डांवर हा दोरा स्पष्ट दिसतो.

१८९० मध्ये प्रमुख सिगारेट कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी ही मक्तेदार संस्था स्थापन झाली. स्पर्धा संपताच कार्डांची गरजही उरली नाही. पुढे १९०९–११ या काळात याच कंपनीने टी-२०६ या सूचिक्रमांकाने ओळखला जाणारा सु. ५२४ कार्डांचा मोठा संच वितरित केला. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ही मक्तेदारी मोडली. दोन महायुद्धांच्या दरम्यान कार्डांचा संबंध तंबाखूकडून मिठाई व गमकडे वळला. गाउडी कंपनीचा १९३३ चा संच, बोमन कंपनीची १९४८ पासूनची कार्डे व टॉप्स कंपनीचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच हे या प्रवासातील मुख्य टप्पे होत. ग्राहक आता प्रौढ धूम्रपान करणारा नसून शाळकरी मुलगा होता. टॉप्सच्या संचात खेळाडूची सही, संघाचे चिन्ह आणि मागे मोसमाची व एकूण कारकीर्दीची आकडेवारी असा जो साचा ठरला, तोच पुढे सर्वत्र रूढ झाला.

इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ मध्ये ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. पुढे प्लेयर्स, ऑग्डेन इ. कंपन्यांनी ही प्रथा चालविली. दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईमुळे १९४० मध्ये ब्रिटिश सिगारेट-कार्डे बंद पडली.

कार्डे आणि त्यांवरील खेळाडू : कार्डाचे मोल व खेळाडूची योग्यता यांचा संबंध किती गुंतागुंतीचा असतो, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

टी-२०६ संचातील होनस वॅग्नर (१८७४–१९५५) याचे कार्ड सर्वांत ख्यातनाम आहे. पिट्सबर्ग संघाचा हा खेळाडू त्या काळच्या अग्रगण्य बेसबॉलपटूंपैकी एक होता. परंतु त्याच्या कार्डाची ख्याती खेळापेक्षा दुर्मिळतेमुळे आहे. त्याच्या हरकतीवरून छपाई लवकरच थांबविण्यात आली. आपल्या चित्रासाठी मुलांनी सिगारेटी विकत घ्याव्यात हे त्याला पसंत नव्हते, असे एक कारण देतात. मोबदल्याचा वाद होता, असे दुसरे. वॅग्नर स्वतः तंबाखू वापरीत असल्यामुळे दुसऱ्या मताचे समर्थक पहिले कारण सहजी मानत नाहीत. या कार्डाच्या सु. ५० ते ६० प्रतीच ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकली गेली. दुसरी एक प्रत उत्तम स्थितीबद्दल प्रसिद्ध होती. मात्र तिच्या कडा कापून ती सुबक केल्याचे ती पूर्वी विकणाऱ्या व्यापाऱ्याने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले.

गाउडीच्या १९३३ च्या संचात १०६ क्रमांकाचे कार्डच नव्हते. संच पुरा करण्यासाठी मुले गम घेत राहिली. तक्रारी आल्यावर कंपनीने १९३४ मध्ये नॅप लाजवे या निवृत्त खेळाडूचे कार्ड त्या क्रमांकाने छापून तक्रारदारांना टपालाने पाठविले. मिकी मँटल (१९३१–९५) याचे १९५२ चे कार्ड मोसमाच्या अखेरीस निघालेल्या गटात होते. तोवर मुलांचे लक्ष फुटबॉलकडे वळले होते. न विकलेल्या कार्डांच्या पेट्या १९६० मध्ये बोटीतून नेऊन अटलांटिक महासागरात टाकल्याचे टॉप्सचे अधिकारी साय बर्गर सांगत. त्याच कार्डाच्या एका प्रतीला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले.

काही कार्डांवरील साधा तपशील फसवा ठरतो. मो बर्ग (१९०२–७२) हा गाउडीच्या १९३३ च्या संचातील एक यष्टिरक्षकासमान खेळाडू. फलंदाज म्हणून तो सामान्यच होता. मात्र तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा पदवीधर, कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेला व अनेक भाषांचा जाणकार होता. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन गुप्तहेर खात्यात होता. जर्मनीच्या अणुबाँबनिर्मितीचा अंदाज घेण्यासाठी डिसेंबर १९४४ मध्ये त्याला झुरिक येथे व्हेर्नर हायझेनबेर्क या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानास पाठविण्यात आले होते. जिम थॉर्प हा अमेरिकन इंडियन क्रीडापटू गाउडीच्याच ‘स्पोर्ट किंग्ज’ या संचात आढळतो. त्याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पंचक्रीडा व दशक्रीडा या दोन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या. त्यापूर्वी थोड्या पैशांसाठी दुय्यम दर्जाच्या संघांतून बेसबॉल खेळल्याचे कारण दाखवून १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेण्यात आली. १९८२ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी, ऑलिंपिक समितीने ती परत देण्याचे ठरविले. एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद मात्र २०२२ मध्ये झाली.

छपाईतील चुकाही बोलक्या असतात. उजव्या हाताने फलंदाजी करणारा हँक ॲरन १९५७ च्या टॉप्स कार्डावर डावखुरा दिसतो. कारण छायाचित्राची प्रतिमा उलटी छापली गेली. १९६९ मध्ये ऑरेलिओ रॉड्रिगेझ याच्या कार्डावर त्याच्याऐवजी संघाच्या बॅटी सांभाळणाऱ्या मुलाचे छायाचित्र आले.

वगळलेले खेळाडू : कार्डांच्या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव त्यांच्यावर नसलेल्या खेळाडूंची आहे. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलीडो संघातून प्रमुख स्पर्धेत खेळला होता. त्यानंतर प्रमुख संघांची दारे कृष्णवर्णीयांना बंद झाली. त्यांनी आपले स्वतंत्र संघ व स्पर्धा उभारल्या. पण अमेरिकेतील कार्ड-उत्पादकांनी त्यांच्याकडे जवळजवळ पूर्ण दुर्लक्ष केले. क्यूबातील हिवाळी स्पर्धांमध्ये यांपैकी काही जण खेळत व तेथील कार्डांवर ऑस्कर चार्ल्सटनसारख्यांची छायाचित्रे दिसतात. एकाच खेळाडूला एका देशात चित्र मिळते व स्वदेशात मिळत नाही, यातच निवडीचे स्वरूप उघड होते.

जॉश गिब्सन (१९११–४७) हा यांपैकी श्रेष्ठ फलंदाज. जानेवारी १९४७ मध्ये तो वारला आणि १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन (१९१९–७२) याने ब्रुकलिन डॉजर्स संघातून खेळून वर्णबंदी मोडली. लीफ कंपनीच्या १९४८–४९ च्या संचात रॉबिन्सनचे, तसेच वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी प्रमुख स्पर्धेत प्रवेश मिळालेल्या सॅचल पेजचे कार्ड आहे. प्रमुख बेसबॉल संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये कृष्णवर्णीयांच्या जुन्या स्पर्धांना प्रमुख दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट केली. त्यानुसार गिब्सनची ०.३७२ ही सरासरी टाय कॉबच्या ०.३६७ या सरासरीच्या पुढे जाऊन कारकीर्दीतील सर्वोच्च ठरली. ज्याचे चित्र त्याच्या हयातीत देशातील कोणत्याही प्रमुख संचात आले नाही, तो सत्त्याहत्तर वर्षांनी यादीत अग्रस्थानी आला. हे शक्य झाले ते जुन्या वृत्तपत्रांतील गुणफलक संशोधकांनी एकेक करून जुळविल्यामुळे.

भारतीय क्रिकेटपटू : ब्रिटिश सिगारेट-कार्डांवर जे भारतीय खेळाडू ठळकपणे दिसतात, ते मुख्यतः राजघराण्यांतील व इंग्लंडकडून खेळलेले आहेत. रणजितसिंह (१८७२–१९३३) यांनी १८९६ मध्ये मँचेस्टर येथे पहिल्याच कसोटीत नाबाद १५४ धावा केल्या. त्यांचे पुतणे दुलीपसिंह (१९०५–५९) यांनी १९३० मध्ये लॉर्ड्‌सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १७३ धावा काढल्या. पतौडीचे नबाब इफ्तिखार अली खान (१९१०–५२) इंग्लंडकडून खेळले व १९४६ मध्ये भारताचे कर्णधार झाले. या तिघांची योग्यता वादातीत आहे. परंतु इंग्लंडमधील ग्राहकांना परिचित असणे हीच कार्डावर येण्याची पहिली अट होती.

ही अट पुरी न करू शकलेल्या खेळाडूंत पुण्याशी संबंधित पळवणकर बाळू (१८७६–१९५५) यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म धारवाडचा. चर्मकार समाजातील त्यांचे वडील पुण्यात लष्करी नोकरीत होते. बाळू हे पुण्याच्या युरोपीय क्लबात दरमहा चार रुपयांवर मैदानाची निगा राखत व सरावासाठी गोरे फलंदाज जे. जी. ग्रेग यांना गोलंदाजी करीत. या सरावातून त्यांची डावखुरी संथ गोलंदाजी घडली. फलंदाजीचा सराव करण्याची संधी मात्र त्यांना तेथे मिळाली नाही. पुढे पुण्यातील हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर इतरांच्या बरोबरीने चेंडू हाताळणाऱ्या बाळूंना विश्रांतीच्या वेळी मात्र तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या पात्रात चहा दिला जाई.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस गेले व परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपीय संघाचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १५.२१ धावांच्या सरासरीने १७९ बळी, अशी त्यांची नोंद आहे. एवढे असूनही त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद रीतसर कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये बाळूंना वगळण्यात आले व त्यांचे बंधू विठ्ठल यांचा कर्णधारपदावरील हक्क डावलला गेला, तेव्हा विठ्ठल व शिवराम या बंधूंनी निषेध म्हणून संघ सोडला. त्यानंतर तिघांनाही बोलाविण्यात येऊन बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल यांच्या कर्णधारपदाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. रणजितसिंहांना सिगारेट-कार्डांच्या परंपरेत जे स्थान लाभले ते बाळूंच्या वाट्यास आले नाही. त्यांची कारकीर्द उजेडात आली ती वृत्तपत्रे, मराठी चरित्रपर लेखन व पुढील काळातील इतिहाससंशोधन यांमुळे.

टपाल तिकिटे व इतर प्रकार : भारतात सिगारेट-कार्डांची परंपरा अमेरिका-इंग्लंडप्रमाणे रुजली नाही. नियतकालिकांतील कात्रणे, दिनदर्शिका, आगपेट्यांची लेबले व नंतरच्या काळात बबलगमबरोबर मिळणारी चित्रे आणि ‘ट्रंप’ नावाने मुलांत लोकप्रिय झालेले पत्ते यांनी तिची जागा घेतली. शासकीय पातळीवर टपाल तिकिटे हे कार्ये करतात. भारतीय टपाल खात्याने १९९६ मध्ये दि. ब. देवधर, सी. के. नायडू, विजय मर्चंट व विनू मंकड या चार क्रिकेटपटूंची तिकिटे काढली.

तिकिटावर केवळ चेहरा व नाव मावते. पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे देवधर (१८९२–१९९३) एकही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत. भारताने पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. तरी त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९–४० व १९४०–४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक स्पर्धा जिंकली. नागपूरचे नायडू (१८९५–१९६७) यांनी १९२६ मध्ये मुंबईत एम्‌. सी. सी. विरुद्ध अकरा षट्‌कारांसह १५३ धावा केल्या व १९३२ मध्ये ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. मर्चंट (१९११–८७) यांचे कुलनाम ठाकरसी. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला असता झालेल्या गैरसमजातून ‘मर्चंट’ हे नाव कायम झाले, असे सांगितले जाते. मंकड (१९१७–७८) यांनी १९५२ च्या लॉर्ड्‌स कसोटीत ७२ व १८४ धावा करून एका डावात पाच बळीही घेतले. पण १९४७–४८ मध्ये सिडनी येथे चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीझ सोडणाऱ्या बिल ब्राऊन यांना त्यांनी धावबाद केल्यामुळे त्यांचे नाव जगभर त्या एका कृतीला चिकटले. हा प्रकार २०२२ मध्ये क्रिकेटच्या नियमावलीत ‘अनुचित खेळा’च्या प्रकरणातून काढून साध्या धावबादच्या नियमात घालण्यात आला.

ग्रामीण खेळ : ज्या खेळांना छापील चित्रांची परंपराच लाभली नाही, त्यांच्या स्मृतीचा प्रश्न आणखी निराळा आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके याचे चांगले उदाहरण आहेत. येथील गावोगावच्या यात्रांत बैलगाडा शर्यत व कुस्त्यांचा हगामा ही मोठी आकर्षणे असतात. बैलगाड्याच्या शर्यतीसाठी तयार केलेल्या चढाच्या धावपट्टीस ‘घाट’ म्हणतात. गाडा किती सेकंदांत वर पोहोचतो यावर क्रम ठरतो. येथे खरा खेळाडू बैल असतो. तो स्वतःच्या नावाने, तसेच मालकाच्या व गावाच्या नावाने ओळखला जातो आणि त्याची कीर्ती ध्वनिक्षेपकावरून बोलणाऱ्या समालोचकाच्या मुखातून घाटोघाट पसरते. यात्रेच्या हस्तपत्रकावर देवस्थान, तिथी, इनामाच्या रकमा व यात्रा समितीची नावे असतात; पत्रक शर्यतीपूर्वी छापले जात असल्यामुळे विजेत्याचे नाव त्यावर येऊ शकत नाही. कुस्तीच्या हगाम्यातील जोडी अनेकदा आयत्या वेळी लागते व तिचा निकाल इनामाबरोबरच विरून जातो. अलीकडे बैलांची छायाचित्रे असलेले मोठे फलक गावाच्या वेशीवर झळकतात. परंतु यात्रा संपताच ते उतरविले जातात.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने प्राण्यांना होणाऱ्या यातनांच्या कारणावरून अशा शर्यतींवर बंदी आली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. बंदीचा काळ बैलाच्या उमेदीच्या वर्षांहून मोठा होता. त्यामुळे बंदीपूर्वी गाजलेले अनेक बैल पुन्हा घाटात उतरू शकले नाहीत आणि त्यांच्या धावांच्या वेळा आज मुख्यतः पाहणाऱ्यांच्या आठवणींतच उरल्या आहेत.

संग्रह व ऐतिहासिक मूल्य : कार्डांच्या अभ्यासास शिस्त लावण्याचे श्रेय जेफर्सन बर्डिक (१९००–६३) या अमेरिकन संग्राहकास दिले जाते. त्याने तयार केलेल्या सूचीतील अक्षरे व क्रमांक आजही प्रचलित आहेत. टी-२०६ हे नाव त्यातूनच आले. त्याने तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास दिला. त्यात बेसबॉलची सु. तीस हजार कार्डे आहेत. संधिवाताने बोटे आखडली असतानाही त्याने ती स्वहस्ते चिकटवून जानेवारी १९६३ मध्ये काम पुरे केले आणि दोन महिन्यांनी तो निधन पावला.

कार्डाचा काळ कागद, छपाईची पद्धत, मागील जाहिरात व खेळाडूचा तत्कालीन संघ यांवरून ठरवितात. दुर्मिळ कार्डांच्या किंमती वाढल्याने कडा कापणे, रंग भरणे व बनावट प्रती छापणे हे प्रकारही वाढले आहेत. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र बाजारभावापेक्षा मूळ नोंद महत्त्वाची असते. कार्ड कोणी, केव्हा, कोणासाठी काढले आणि त्यात कोणाला स्थान मिळाले नाही, हे तपासल्यावरच ते विश्वसनीय साधन ठरते. हीच कसोटी टपाल तिकिटास व यात्रेच्या हस्तपत्रकासही लागू पडते. गाव, तिथी व स्पर्धकांची नावे मागे लिहून ठेवलेले साधे हस्तपत्रकदेखील उद्याच्या इतिहासकारास उपयोगी पडते. नोंद नसलेले सुंदर छायाचित्र पुष्कळदा मुके राहते.